अडतीस किलोमीटर, पंधरा मिनिटं : किर्केनेस ते वादसो

आमच्या प्रवास-नियोजनाच्या टेबलावर हा प्रश्न दोन ओळींत आला: "किर्केनेसहून वादसोला विमानाने किती वेळ लागतो? तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळाली, कोणतं धरू?" विचारणारे गृहस्थ संशोधक. फेब्रुवारीत ऑस्लोमार्गे नॉर्वेच्या पार ईशान्य टोकाला निघाले होते आणि दुपारी चार वाजता वादसोत त्यांची बैठक होती. एका संकेतस्थळाने त्यांना ३३ मिनिटं सांगितली, दुसऱ्याने ३ मिनिटं, आणि विमान कंपनीच्या वेळापत्रकात होती १५ मिनिटं. अंतराचीही तीच गत: ३८ कि.मी., ४० कि.मी. आणि १७० कि.मी.

पहिल्या नजरेत हे कुणाच्या तरी निष्काळजीपणाचं प्रकरण वाटतं. बसून आकडेमोड केली तेव्हा निघालं ते वेगळंच. अंतराचे तिन्ही आकडे बरोबर आहेत. वेळेचे तीनपैकी दोन साफ चुकलेले आहेत, आणि ते दोन्ही त्या बरोबर अंतरावरूनच काढलेले आहेत.

जागा

फिनमार्क हा नॉर्वेचा सगळ्यात वरचा, सगळ्यात पूर्वेकडचा प्रदेश. तिथे वारांगर नावाचा फिओर्ड, म्हणजे समुद्राचा लांबट फाटा, पूर्वेकडून जमिनीत खोल घुसलेला आहे. त्याच्या दक्षिणेला किर्केनेस, उत्तरेला वादसो. दोन्ही गावं समोरासमोर, मध्ये समुद्राचं पाणी. पूल नाही, बोगदा नाही. गाडीने जायचं तर युरोपीय महामार्ग ६ ने पश्चिमेला फिओर्डच्या टोकापर्यंत, वारांगरबोत्नपर्यंत जायचं आणि तिथून महामार्ग ७५ धरून दुसऱ्या काठाने परत पूर्वेला यायचं. १७० कि.मी.चा आकडा येतो तो इथून. सरळ रेषेच्या साडेचारपट रस्ता.

दोन्ही विमानतळ 'प्रादेशिक' म्हणून एका रांगेत बसवले जातात, पण जातकुळी निराळी. किर्केनेसचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बांधला. त्याची धावपट्टी २,१०० मीटरच्या पुढे जाते, ऑस्लोची जेट विमानं तिथे उतरतात. वादसोचा १९७४ मधला. नॉर्वेने १९६८ पासून किनाऱ्यावरच्या लहान गावांसाठी ८०० मीटरच्या धावपट्ट्या बांधायला घेतल्या, त्या मालिकेतला हा एक. आजही त्याची धावपट्टी हजार मीटरच्या आतबाहेरच आहे. तिथे जेटचं काम नाही. विदेरो कंपनीची ३९ आसनी, दोन पंख्यांची डॅश ८ विमानं अशा ठिकाणी ये-जा करतात. हवाई इतिहासात मात्र वादसोचं नाव फार आधी लागलं. १९२६ मध्ये आमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले यांचं 'नोर्गे' हे हवाई जहाज उत्तर ध्रुवाकडे जाताना इथल्या मनोऱ्याला बांधलं होतं, १९२८ मध्ये नोबिलेचं 'इटालिया'ही. तो लोखंडी मनोरा अजून उभा आहे.

अंतर: एकदा हाताने मोजून

अंतराच्या बाबतीत मी कुणाचा शब्द घेत नाही, कागदावर करून बघतो. इथे तर कॅल्क्युलेटरही फारसा लागत नाही.

किर्केनेस विमानतळाचं अक्षांश ६९ अंश ४३ मिनिटं ३३ सेकंद उत्तर, वादसोचं ७० अंश ३ मिनिटं ५५ सेकंद. फरक २० मिनिटं २२ सेकंद. सागरी मैल ही जुनी सोय मुळात यासाठीच आहे: अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळपास एक सागरी मैल, आणि सागरी मैल म्हणजे १.८५२ कि.मी. म्हणजे उत्तर-दक्षिण अंतर झालं साधारण २०.४ सागरी मैल.

आता रेखांश. किर्केनेस २९ अंश ५३ मिनिटांवर, वादसो २९ अंश ५१ मिनिटांच्या जरासं अलीकडे. फरक पावणेतीन मिनिटांचा. इथे घाई करणारा फसतो. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ कि.मी. भरतो. सत्तराव्या अक्षांशावर रेषा इतक्या जवळ आलेल्या असतात की तोच अंश ३८ कि.मी. भरतो. त्यामुळे पावणेतीन मिनिटांचे इथे एक सागरी मैलही होत नाहीत. पायथागोरस लावा, उत्तर २०.४ सागरी मैलच राहतं: ३७.८ कि.मी. पृथ्वी पूर्ण गोल न धरता ध्रुवांकडे चपटी धरली तर ३७.९. फरक शंभर-दीडशे मीटरचा, म्हणजे किर्केनेसच्या धावपट्टीच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नाही.

हे झालं विमानतळ ते विमानतळ. आणि विमानतळ म्हणजे तरी नेमका कुठला बिंदू? नकाशावर जो ठिपका असतो तो बहुधा धावपट्टीच्या मध्याजवळ धरलेला असतो, प्रवासी चढतात त्या दाराशी नाही. दोन गावांची केंद्रं धरली तर अंतर ४० कि.मी.वर जातं, कारण किर्केनेस गाव विमानतळाच्या पूर्वेला आहे आणि वादसोचा विमानतळ गावाच्या पूर्वेला. म्हणजे ३८ आणि ४० हे दोन वेगळ्या प्रश्नांचे आकडे आहेत, आणि १७० तिसऱ्याचा. संशोधक महाशयांना मी एवढंच कळवलं की अंतराची काळजी सोडा, वेळेकडे या.

वेळ: जी गती कधी येतच नाही

३३ मिनिटांचं कोडं सोपं निघालं. बरीच संकेतस्थळं एकच सूत्र वापरतात: अंतराला ताशी ५०० मैलांनी, म्हणजे साधारण ८०५ कि.मी.ने भागायचं आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास वर घालायचा. ३८ भागिले ८०५ म्हणजे पावणेतीन मिनिटं, अधिक तीस. झाले ३३. दुसऱ्या संकेतस्थळाने अर्धा तास घातलाच नाही, म्हणून ३.

सूत्राला नावं ठेवायच्या आधी ते जिथे चालतं तिथे लावून बघितलं. ऑस्लो ते किर्केनेस सरळ अंतर सुमारे १,३७० कि.मी. सूत्राने येतात दोन तास बारा मिनिटं, आणि वेळापत्रकातही दोन तासांच्या थोडं वरच आहे. लांबच्या जेट उड्डाणाला हे सूत्र छान बसतं, कारण तिथे विमान बराच वेळ खरोखर त्या वेगाने जात असतं. जवळच्या उड्डाणाला ते कोसळतं. का, ते बघण्यासारखं आहे.

कुणी म्हणेल, मग जेटऐवजी डॅश ८ चा वेग घाला. बरं, घालू. हे विमान समपातळीत ताशी पाचशे कि.मी.च्या आसपास जातं. ३८ कि.मी.ला साडेचार मिनिटं. आता हे उड्डाण कागदावर उभं आडवं काढा. उतरताना विमान साधारण तीन अंशांच्या उताराने येतं. वैमानिकांचा ठोकताळा: दर हजार फुटांना तीन सागरी मैल. चढताना मिनिटाला दीड हजार फूट आणि वेग १५० नॉट, म्हणजे ताशी १५० सागरी मैल, धरा. ४,००० फुटांवर पोचायला पावणेतीन मिनिटं लागतील, तेवढ्यात पावणेसात सागरी मैल मागे पडतील. तिथून उतरायला बारा. बेरीज जवळपास १९. आणि आपल्याकडे सरळ रेषेत आहेत २०.४.

म्हणजे २५,००० फुटांपर्यंत जाऊ शकणारं विमान इथे चार हजारांवर पोचतं न पोचतं तोच त्याला खाली वळावं लागतं. मधली सपाट वाट जवळजवळ नाहीच. ज्या वेगाने आपण अंतराला भागत होतो, त्या वेगाला हे विमान या प्रवासात शिवतही नाही. चढण संपते तिथे उतरण सुरू.

दुसरी गोष्ट मला नकाशा नीट पाहिल्यावर लक्षात आली आणि खरं सांगायचं तर या प्रकरणातला माझा आवडता भाग हाच. प्रवास जवळजवळ नेमका दक्षिणोत्तर आहे. दोन्ही धावपट्ट्या मात्र ढोबळमानाने पूर्व-पश्चिम आहेत. निघतानाही विमान आडवं निघणार आणि उतरतानाही आडवं उतरणार. निघतानाचं वळण स्वस्त आहे. सेकंदाला तीन अंश या नेहमीच्या गतीने काटकोनात वळायला अर्धं मिनिट. पोचतानाचं महाग पडतं. विमानाला थेट धावपट्टीच्या कुशीत शिरता येत नाही. धावपट्टीची रेषा लांबवली तर तिच्यावर काही मैल आधी येऊन, सरळ होऊन उतरावं लागतं. तो बिंदू सहा सागरी मैल बाजूला धरला तर तिथपर्यंतची तिरपी वाट सुमारे २१ मैल आणि पुढची सरळ वाट ६. एकूण २७ सागरी मैल, म्हणजे ५० कि.मी. नकाशावरचे ३८ हवेत ५० झाले, आणि यात कुणी वाट चुकलेलं नाही.

सरासरी १६० नॉट धरले तर या २७ मैलांना दहा मिनिटं. हा झाला चाकं सुटल्यापासून चाकं टेकेपर्यंतचा वेळ.

वेळापत्रकातली पंधरा मिनिटं म्हणजे ब्लॉक टाइम: विमान जागेवरून हललं तिथपासून दुसऱ्या टोकाला जागेवर थांबलं तिथपर्यंत. उरलेली पाच मिनिटं जमिनीवर जातात. मोठ्या विमानतळावर एवढ्यात विमान जमिनीवरून चालत उड्डाणाच्या रांगेतसुद्धा पोचत नाही. लहान विमानतळांना इथे फायदा असतो. रांग नसते, इमारतीपासून धावपट्टी हाकेच्या अंतरावर असते. एक गोष्ट आड येते: बहुतेक लहान ठिकाणी धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानांना जमिनीवर चालायचा वेगळा रस्ता, नसतो. मग विमान धावपट्टीवरूनच टोकापर्यंत जातं, तिथे गिरकी घेतं आणि आल्या वाटेने उड्डाण करतं.

जाता जाता: स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण आहे, अंतर पावणेतीन-तीन किलोमीटरच्या आत. वेळापत्रकात दोन मिनिटं, आणि अनुकूल वाऱ्यात ते एकदा ५३ सेकंदांत झालेलं आहे. वर दिलेलं 'अधिक तीस मिनिटं'वालं सूत्र तिथे लावून बघा. करमणूक होते.

वाऱ्याचं काय, हा प्रश्न येतोच. समोरून ३० नॉटचा वारा अख्ख्या वाटेवर लागला, तरी दहाची साडेबारा मिनिटं होतील, त्याहून जास्त नाही. एवढ्याशा प्रवासात वारा वेळ खात नाही. तो घाव घालतो दुसरीकडे. वाट दक्षिणोत्तर आणि धावपट्टी पूर्व-पश्चिम असल्यामुळे जो वारा वाटेवर अगदी समोरून किंवा अगदी पाठून येतो, तोच वादसोला उतरताना पूर्ण आडवा लागतो. धावपट्टीशी वाऱ्याचा कोन ३० अंशांचा असेल तर निम्मा वारा आडवा, ९० अंशांचा असेल तर सगळाच. अरुंद, आखूड, हिवाळ्यात बर्फाळ धावपट्टीवर हे फार महत्त्वाचं. तेव्हा प्रश्न 'दहा की बारा मिनिटं' हा राहत नाही, 'उतरणार की नाही' हा होतो.

मग धरायचं काय?

संशोधकांचं ऑस्लोचं विमान १२.४० ला किर्केनेसला उतरणार होतं. वादसोचं पुढचं विमान दोन वाजता. बैठक चारला.

कागदावर विमान जिंकतं: दोनला निघून सव्वादोनला वादसो, विमानतळ गावापासून चारेक कि.मी.वर, तीनच्या आत खोलीत. गाडीचा हिशेब: सामान आणि गाडी हातात यायला १.१० झाले असं धरा. विमानतळ महामार्ग ६ च्या कडेलाच असल्यामुळे गावापेक्षा दहा-पंधरा कि.मी. वाचतात. नॉर्वेत वस्तीबाहेर साधारण वेगमर्यादा ताशी ८० आहे, म्हणून कोरड्या रस्त्यावर दोन तास, फेब्रुवारीत अडीच. पोचणार ३.४० ला. बैठक गाठता येते, श्वास घ्यायला वीस मिनिटं उरतात.

पण १२.४० पासून मोजलं तर विमानाचा प्रवास पंधरा मिनिटांचा राहत नाही. तो ९५ मिनिटांचा आहे, त्यातली ८० मिनिटं बाकावर बसून. आणि गाडीचा तीन तासांचा. गावातून थेट निघणाऱ्या माणसाचा हिशेब आणखी जवळ येतो: विमानतळापर्यंतचा रस्ता, आधी पोचायची पाऊण तासाची मोकळीक, उड्डाण, सामान, पुन्हा रस्ता, असे पावणेदोन तास, समोर गाडीचे अडीच. पंधरा मिनिटांचं उड्डाण वाचवतं पाऊण तास. तरी ते चालतं, कारण मुख्य गिऱ्हाईक निराळं आहे. वादसोकडून ऑस्लोचं जेट पकडायला येणारे, किर्केनेसच्या रुग्णालयात जाणारे, कामासाठी वादसोला जाणारे. अशा मार्गांचा तोटा भरून निघण्यासाठी नॉर्वे सरकार निविदा काढून ही सेवा विकत घेतं.

खरी अडचण मला दोन वाजण्यात दिसली. दोनला विमान रद्द झालं तर गाडीने निघून ४.३० च्या आधी पोचणं नाही, बैठक गेली. म्हणजे गाडी हा पर्याय जिवंत आहे तो फक्त सव्वा-दीड वाजेपर्यंत. या प्रवासातला महत्त्वाचा आकडा ना ३८ होता, ना १५. तो होता १.१५. मी त्यांना लिहिलं: "सव्वाला वादसोचा हवामान-अहवाल बघा. वारा पूर्वेचा किंवा पश्चिमेचा असेल तर निवांत बसा. उत्तरेचा किंवा दक्षिणेचा असेल आणि जोर २० नॉटच्या वर असेल, तर विमान जाणार का ते काउंटरवर विचारा आणि त्यांनी 'हो' म्हणताना जराही वेळ घेतला तर गाडीची किल्ली घ्या." वीस नॉट ही विमानाची मर्यादा नव्हे, ती त्याहून वरची असते. माझ्या माणसाला चिंता करायला कधी सुरुवात करायची, एवढ्यापुरता तो माझा आकडा.

आणखी दोन बारीक गोष्टी तपासल्या. फिनमार्कमधली ही विमानं थांबे घेत जाणाऱ्या बससारखी एकामागून एक गावं करतात. त्यामुळे तेच विमान आधी दुसऱ्या गावाला जाऊन मग वादसोला येणारं असू शकतं आणि पंधरा मिनिटांचा पाऊण तास होऊ शकतो. त्यांच्या तिकिटावर मधला थांबा नव्हता. दुसरं घड्याळ. किर्केनेस तिसाव्या रेखांशाजवळ आहे, सूर्याच्या हिशेबाने नॉर्वेच्या घड्याळाच्या तासभर पुढे. शेजारी फिनलंड एक तास पुढे, रशिया हिवाळ्यात दोन तास. तिन्ही देशांच्या सीमा मिळतात तिथे हिवाळ्यात तीन वेळा एका दगडाशी भेटतात. सीमेजवळ फोन कधी कधी शेजारच्या देशाचं घड्याळ उचलतो. म्हणून त्यांना मनगटावरचं घड्याळ ऑस्लोतच लावून घ्यायला सांगितलं.

काय झालं

वारा नैऋत्येचा होता, बेताचा. ते बसून राहिले. संध्याकाळी त्यांचा निरोप आला, संशोधकाला शोभेल असा: दार बंद होण्यापासून दार उघडेपर्यंत अठरा मिनिटं, चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंत दहाला काही सेकंद कमी. खिडकीतून आधी बर्फ, मग काळं पाणी, आणि पाणी संपायच्या आत इंजिनाचा आवाज उतरलेला. धावपट्टी त्यांना समोर दिसलीच नाही, बाजूला दिसली. मग विमान वळलं.

परतीला त्यांनी विमान घेतलं नाही. किनाऱ्याने रोज धावणारी प्रवासी बोट किर्केनेसकडे जाताना सकाळी वादसोला थांबते आणि तिथून दोन तासांच्या आत किर्केनेसला पोचते. उलट दिशेने येताना ती वादसोला थांबत नाही, म्हणून जाताना हा पर्याय नव्हताच. त्यांनी विचारलं, बोटीचं अंतर किती लिहू? मी म्हटलं, अंतराचा रकाना मोकळा सोडा. वेळेच्या रकान्यात पावणेदोन तास लिहा, आणि बंदरावर यायची वेळ त्याच्या वर.